उजव्या पायाचा हिशेब

पोरी, गाडी घेतलीस, बरं वाटलं. सेकंडहँड असली तरी इंजिन स्वच्छ आहे, मी बॉनेट उघडून आवाज ऐकलाय. आता हुबळीच्या विद्यानगरहून धारवाडला रोज ऑफिसला त्यातून जायचं म्हणतेस. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, महिन्याला हजार धर. गाडीनं अठराचं ॲव्हरेज दिलं तरी पंचावन्न लिटर पेट्रोल लागणार आणि लिटरचा भाव शंभराच्या वर. पगारातले साडेपाच-सहा हजार धुरात जाणार. त्यातला पाचवा हिस्सा तरी तुझ्या उजव्या पायाच्या ताब्यात आहे. ते कसं, ते सांगतो.

मी आयुष्यभर सरकारी बस चालवली. डेपोत प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे केएमपीएलचा आकडा असायचा, म्हणजे एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. तीच गाडी, तोच रूट, तेवढेच पॅसेंजर, तरी दोन ड्रायव्हरांचे आकडे कधी जुळायचे नाहीत. ज्याचा आकडा चांगला, तो सावकाश चालवणारा असेल असं तुला वाटेल. पण तसं नव्हतं. तो वेळेवरच पोचायचा, फक्त ब्रेक कमी मारायचा. पेट्रोल वाया जातं ते ब्रेकमध्ये, हे पहिलं ध्यानात ठेव.

हिशेबच करून दाखवतो. तुझी गाडी तुला धरून हजार किलोची. ती जागेवरून ताशी पन्नासपर्यंत आणायला, नुसता वेग द्यायला, दहा-बारा मिलिलिटर पेट्रोल लागतं. चहाचे दोन चमचे. पुढे सिग्नल लाल दिसत असताना शेवटपर्यंत रेस देत गेलीस आणि करकचून थांबलीस, की ते दोन्ही चमचे ब्रेकच्या पॅडवर उष्णता होऊन गेले. हुबळी-धारवाड रस्त्यावर सिग्नल, हंप, यू-टर्न घेणारे, मधेच आडवे येणारे स्कूटरवाले, सगळे धरून असं वीस वेळा झालं तर पाव लिटर संपलं. एका दिवसाचे पंचवीस रुपये, आणि हे फक्त थांबण्याचे.

म्हणून नजर लांब ठेवायची. मला शिकवणारे सीनियर म्हणायचे, पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट बघू नकोस, त्याच्या पुढच्या गाडीचा बघ. उणकलकडून येताना लांबूनच सिग्नल लाल दिसला की तिथूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ. गाडी गियरमध्येच राहू दे. ती आपसूक वेग टाकत जाईल, आणि बहुतेक वेळा तू पोचेपर्यंत हिरवा झालेला असेल. मग दुसऱ्या गियरवरून पुन्हा उचल. संपूर्ण थांबून पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा पंधरा-वीसच्या वेगावरून उचलणं कितीतरी स्वस्त पडतं. मागचा हॉर्न मारेल. मारू दे, त्याचं पेट्रोल तो भरतो.

गियरमध्येच ठेव म्हणालो, ते मुद्दाम. आमच्या पिढीतले जुने लोक तुला सांगतील, उतार आला की न्यूट्रल कर, पेट्रोल वाचतं. कार्बोरेटरच्या गाड्यांत तशी सवयच होती. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उलटं आहे. गाडी गियरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला, इंजिन चाकांमुळे फिरतंय, अशा वेळी कॉम्प्युटर पेट्रोलचा पुरवठा बंदच करतो. थेंबही जळत नाही. न्यूट्रल केलीस तर इंजिनला स्वतःच्या जोरावर चालू राहायला पेट्रोल लागतंच. तेव्हा न्यूट्रलमध्ये उतरणं खर्चिक, आणि घाटात जीवघेणंसुद्धा. लोंढ्याहून अनमोडच्या घाटात, नाहीतर यल्लापूरच्या पुढे अरबैल घाटात, न्यूट्रल करून सोडलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. इंजिन बंद करून उतरणाऱ्यांचं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतं. गोव्याला जाशील तेव्हा ज्या गियरनं घाट चढशील, साधारण त्याच गियरनं उतर.

आता आपल्या रस्त्याची एक गंमत सांगतो. धारवाड हुबळीपेक्षा शंभरेक मीटर उंचावर आहे. रोज जाताना जाणवत नाही, कारण नवनगरपासून रस्ता चढत-उतरत जातो. पण हजार किलोची गाडी शंभर मीटर वर न्यायला शंभर-सव्वाशे मिलिलिटर पेट्रोल लागतंच. त्यामुळे सकाळी धारवाडला जाताना गाडीच्या काट्यावर ॲव्हरेज पडलेलं दिसेल आणि संध्याकाळी हुबळीला उतरताना चांगलं. सकाळचा आकडा बघून गॅरेजला धावू नकोस आणि संध्याकाळचा बघून खूशही होऊ नकोस. ॲव्हरेज जाऊन-येऊनच काढायचं, तेही टाकी फुल ते टाकी फुल. एकाच पंपावर, पाइप आपोआप बंद होईल तिथेच थांबवायचं, वर आणखी कोंबायचं नाही. किलोमीटर लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी पुन्हा फुल करायची, गेलेलं लिटर आणि झालेले किलोमीटर यांचा भागाकार. एक छोटी डायरी डॅशबोर्डमध्ये ठेव. ॲव्हरेज हळूहळू घसरायला लागलं की गाडीत काहीतरी बिघडलंय हे त्या डायरीलाच आधी कळतं.

बिघाड म्हटलं की लोक प्लग बघतात, फिल्टर बघतात. तू आधी चाकं बघ. ड्रायव्हरचं दार उघडलंस की चौकटीवर स्टिकर दिसेल, किती हवा भरायची ते तिथे लिहिलेलं असतं. टायर गार असताना, पंधरा दिवसांतून एकदा, तेवढी भर. पंपावरच्या पोरानं अंदाजानं सांगितलेला आकडा घेऊ नकोस. हवा कमी असली की टायर पसरतो आणि गाडी ओढावी लागते. मग हाताची परीक्षा कर. ब्रेक फारसे न मारता सात-आठ किलोमीटर चालवून गाडी थांबव आणि चारही रिमांजवळ तळवा ने. हात लावू नकोस, नुसता जवळ धर. तीन कोमट आणि एक तापलेला लागला, तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय. दुसरं, सपाट जागेवर न्यूट्रल करून हँडब्रेक सोड आणि खाली उतरून खांद्यानं ढकल. एकट्या माणसाच्या ढकलण्यानं हलली पाहिजे. नाही हलली, तर तू रोज ब्रेक दाबून धारवाडला जातेयस असं समज. तुझ्या भावाच्या मोटरसायकललाही तेच लागू. सेंटर स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवायला सांग. दोन फेऱ्या मोकळं फिरलं नाही तर मागचा ब्रेक सैल करून घ्यायचा आणि चेनला तेल द्यायचं.

एअर फिल्टरबद्दल मात्र खरं तेच सांगतो. हुबळीच्या धुळीत फिल्टर लवकर भरतो हे खरं. पण इंजेक्शनच्या कारमध्ये घाणेरड्या फिल्टरनं पिकअप पडतो, ॲव्हरेज फारसं घटत नाही. कॉम्प्युटर हवेच्या प्रमाणात पेट्रोल घालतो. जुन्या कार्बोरेटरच्या बाइकला त्याचा फटका बसतो. इंजिनासाठी फिल्टर वेळेवर बदल, पण त्यानं शेकडो रुपये वाचतील या आशेवर राहू नकोस.

ॲव्हरेज गेलं म्हणून मेकॅनिकला दोष देण्याआधी पेट्रोलही आठव. 6 फेब्रुवारी 2023 ला बेंगळुरूत पंतप्रधानांनी वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल सुरू केलं आणि आता पंपावर मिळतं ते बहुतेक तेच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. नीति आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलंय, की जुन्या घडणीच्या, दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या कारचं ॲव्हरेज सहा-सात टक्के कमी होऊ शकतं. तुझी गाडी जुनी आहे. अठराच्या जागी सतरा आले तर त्यात बिघाड काही नाही. ॲव्हरेज वाढवणाऱ्या बाटल्या, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाइपला लावायचे लोहचुंबक, यांतलं काही विकत घेऊ नकोस. तेवढ्या पैशांत पेट्रोल भर.

पंपावर दोन गोष्टी. सकाळी गारव्यात भरलं की जास्त मिळतं, शंभरऐवजी एकशे दहाचं भरलं की फसवता येत नाही, हे सगळं ऐकीव. टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही. मीटर शून्यावर आलेला स्वतः बघ. मापाचा संशय आलाच तर पाच लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप प्रत्येक पंपावर असतं, ते मागायचा तुला हक्क आहे. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरच्या पुढे फरक चालत नाही. मागताना आवाज चढवायची गरज नाही, शांतपणे मागायचं. 16 जून 2017 पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू शकतो, आणि राज्याराज्यांच्या करांमुळे वेगळा असतो. आपल्याकडे कर्नाटकात जून 2024 मध्ये करवाढीनं लिटरमागे तीन रुपये वाढले. गोव्यात कर कमी, तेव्हा पणजीहून परतताना तिथेच फुल करून ये. कोल्हापूरला मावशीकडे जाताना मात्र निपाणी सोडायच्या आधी दोन्हीकडचे भाव फोनवर बघून ठरव.

कोल्हापूरचं निघालं म्हणून वेगाचंही सांगून टाकतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीवरून शंभरावर गेलीस की हवा दीडपटीहून जास्त अडवते, आणि ती भरपाई पेट्रोलनं करायची. गब्बूर ते नरेंद्र बायपास तीसेक किलोमीटर. ऐंशीनं गेलीस तर साडेबावीस मिनिटं, शंभरनं अठरा. साडेचार मिनिटांसाठी कशाला? वर कॅरियर लावला असेल तर काम झालं की काढून ठेव, तो रिकामासुद्धा हवा अडवतो. गावात काचा उघड, आपल्या धारवाडची हवा तेवढी चांगली आहे. हायवेवर काचा बंद आणि एसी. डिकीतलं जुनं सामान उतरव. बस, याच्यावर अधिक बोलण्यासारखं नाही.

उभ्या गाडीचं सांगायचं राहिलं. इंजिन चालू ठेवून एक मिनिट उभी राहिलीस की साधारण दहा मिलिलिटर गेलं, एसी असेल तर जास्त. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल, रेल्वे फाटक असेल, शाळेसमोर वाट बघायची असेल, तर किल्ली फिरव. सकाळी थंडीत इंजिन गरम करायला पाच-पाच मिनिटं चालू ठेवतात शेजारचे. ते करू नकोस. सुरू कर, पट्टा लाव, आरसा बघ आणि पहिले दोन किलोमीटर हळुवार चालव, तेवढ्यात गरम होतं. गार इंजिन सगळ्यात जास्त पितं. त्यामुळे दुधाला एकदा, औषधाला एकदा, दुर्गदबैलला भाजीला एकदा अशा तीन फेऱ्या करण्यापेक्षा ऑफिसहून येतानाच तिन्ही उरकून ये. अर्ध्या किलोमीटरवरच्या दुकानात चालत जा.

आणि सगळ्यात मोठी बचत. आठवड्यातून दोन दिवस चिगरी बसनं जा. 2018 च्या ऑक्टोबरपासून त्या बस धावतायत, रस्त्याच्या मधोमध त्यांची स्वतःची लेन आहे, गर्दीच्या वेळी तू नवनगरला अडकशील तेव्हा ती बाजूनं निघून जाईल. स्टेशनचा फलाट बसच्या दाराच्या उंचीला, पायरीसुद्धा चढायला नको. पाचांतले दोन दिवस गाडी घरी म्हणजे पेट्रोलचा खर्च चाळीस टक्क्यांनी खाली. वर सांगितलेलं सगळं नीट केलंस तरी एवढं वाचायचं नाही. शिवाय त्या दोन दिवसांत तुला खिडकीशी बसून वाचता येईल. गाडी पावसात, रात्री उशिरा, आजीला दवाखान्यात न्यायला ठेव. त्यासाठीच तर घेतलीस.

येत्या रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत इकडे ये. हवेचा गेज माझ्याकडे आहे, चारही टायर आणि डिकीतला पाचवाही बघून घेऊ. मग तुझ्या शेजारी बसून ज्युबिली सर्कलपर्यंत येतो. तू चालव, मी ब्रेक मोजतो.