संगणकावरील मराठी दप्तर : नित्य उपयोगाची काही साधने

सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी दप्तरे उघडली गेली. त्या वेळी एक अडचण सर्वांच्याच ध्यानात आली. कागद होते, पण ते वाचू शकणारी माणसे थोडी होती. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथील राज्यकारभार उर्दूतून चाले, तर मराठी लिखाणाचा मोठा भाग मोडी लिपीत असे. त्या काळच्या कारकुनाने आपले काम चोख केले होते. परंतु तीन पिढ्यांनंतर त्याचे अक्षर ओळखणारा जाणकार शोधावा लागला. नागरिकाचा हक्क ज्या ओळीवर अवलंबून, ती ओळ समोर असूनही वाचता येत नव्हती.

आज आपण संगणकावर जे लिहितो, ते आणखी पंचवीस वर्षांनी वाचता येईल काय? हा प्रश्न प्रत्येक कार्यालयाने, शाळेने आणि ग्रामपंचायतीने स्वतःला विचारला पाहिजे. संगणकासाठी साधने असंख्य आहेत आणि प्रत्येकाचे आवडते साधन निराळे असते. मात्र सार्वजनिक दप्तरासाठी साधन निवडताना वेग व सोय यांच्याआधी एक कसोटी लावणे अगत्याचे आहे. या साधनाने केलेले काम दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या संगणकावर, पुढील काळात उघडता, वाचता आणि शोधता येईल काय, ही ती कसोटी होय. तिला उतरणाऱ्या काही साधनांचा परिचय येथे करून देत आहोत.

अक्षरामागील क्रमांक

संगणक अक्षर जाणत नाही, तो क्रमांक जाणतो. पडद्यावर दिसणारा ‘क’ हा आत एक क्रमांक म्हणून साठविलेला असतो. सुरुवातीच्या काळात मराठीसाठी तयार झालेल्या अनेक फॉन्टमध्ये एक युक्ती योजली जात असे. क्रमांक रोमन अक्षराचाच ठेवावयाचा आणि त्यावर देवनागरीचा आकार चढवावयाचा. उदाहरणार्थ, कृतिदेव या फॉन्टमध्ये ‘राम’ लिहिले, तर आत साठविली जातात ती जे, के आणि ई ही इंग्रजी अक्षरे. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे रामाऐवजी हीच तीन अक्षरे दिसतात. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असल्याने एका कार्यालयाचे पत्र दुसऱ्या कार्यालयात उमटत नसे. ही संगणकयुगातील मोडीच म्हणावयाची. फरक एवढाच, की मोडीला शिकवणारे होते, या फॉन्टच्या मांडण्यांची तर कोठे पाठशाळाही नव्हती.

या गोंधळावर उपाय शोधण्याचे काम भारतात लवकर सुरू झाले होते. कानपूरच्या आयआयटीमध्ये आरंभ झालेले भारतीय लिपींचे संशोधन पुढे पुण्याच्या सी-डॅक या १९८८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत विस्तारले. भारतीय लिपींसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने प्रमाण म्हणून स्वीकारली. जगातील सर्व लिपींना एकाच कोष्टकात स्थान देणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच पूर्वीच्या आराखड्यावरून घेतली. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. तो छत्रपती संभाजीनगरात, मुंबईत वा टोकियोत बदलत नाही. फॉन्ट बदलला तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर बदलत नाही. विंडोजसोबत आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट मराठी कवी व सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविला होता, हेही येथे नमूद करावयास हवे.

तेव्हा पहिले साधन युनिकोड हे होय. ते विकत घ्यावे लागत नाही, आजच्या प्रत्येक संगणकात ते असतेच. प्रश्न उरतो तो केवळ सवयीचा.

कळफलक : इनस्क्रिप्ट

मराठी टंकलेखनासाठी शासनमान्य मांडणी म्हणजे इनस्क्रिप्ट. तिची रचना वर्णमालेच्या तर्काने केलेली आहे. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे. इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’ आणि शिफ्ट दाबून त्याच कळीवर ‘ख’, ‘आय’च्या कळीवर ‘ग’ आणि शिफ्टसह ‘घ’. अल्पप्राण खाली, महाप्राण वर, हे सूत्र एकदा ध्यानी आले की निम्मा कळफलक पाठ होतो. ‘काम’ लिहिण्यासाठी के, ई आणि सी या तीन कळा पुरतात. हलन्ताची खूण ‘डी’वर आहे. तिनेच जोडाक्षरे बनतात.

मराठीच्या दृष्टीने दोन अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘ळ’ हा ‘एन’च्या कळीवर शिफ्टसह मिळतो. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांतील अर्ध्या ‘र’साठी शिफ्टसह ‘जे’, मग हलन्त आणि मग ‘य’ असा क्रम ठेवावा. हा क्रम चुकल्यास ‘शेतकर्यांना’ असे अशुद्ध रूप उमटते. मग योग्य रूपाने शोध घेणाऱ्याला ते पत्र सापडत नाही. शुद्धलेखन ही केवळ शोभेची बाब नव्हे, संगणकावर ती शोधाची किल्ली आहे.

ज्यांची बोटे टंकयंत्रावर घडली आहेत, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. जुन्या टंकयंत्राच्या मांडणीत टंकून युनिकोड अक्षर देणाऱ्या आज्ञावलीही उपलब्ध आहेत. बोटांचे वळण कोणतेही असो, आत साठणारा क्रमांक युनिकोडचाच असावा.

जुन्या फाइलींचे काय?

बहुतेक कार्यालयांत जुन्या फॉन्टमधील शेकडो फाइली पडून आहेत. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे परिवर्तक मिळतात. ते वापरताना तीन पथ्ये पाळावीत. मूळ फाइल कधीही पुसू नये. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे, ‘ऱ्य’, कंस व आकडे हाताने तपासावेत, कारण चुका बहुधा तेथेच होतात. आणि नागरिकांची नावे, आधार क्रमांक वा खातेक्रमांक असलेली कागदपत्रे महाजालावरील अनोळखी संकेतस्थळावर रूपांतरासाठी चढवू नयेत. त्यासाठी संगणकावरच चालणारा परिवर्तक घ्यावा. प्रथम कायम स्वरूपाच्या नोंदी हाती घ्याव्यात. अग्रेषणपत्रे मागाहून झाली तरी चालतील.

पत्रलेखन आणि तक्ता

लेखनासाठी मायक्रोसॉफ्ट वर्ड सर्वपरिचित आहे. परवान्याचा खर्च न झेपणाऱ्या शाळा व ग्रामपंचायतींना २०१० पासून विकसित होत आलेले लिब्रेऑफिस हे विनामूल्य साधन उत्तम उपयोगी पडते. त्यात लेखन, तक्ते व सादरीकरण ही तिन्ही कामे होतात.

परंतु दैनंदिन कामात सर्वाधिक वेळ वाचतो तो तक्त्यामुळे, म्हणजे स्प्रेडशीटमुळे. आणि सर्वाधिक चुकाही तेथेच होतात. एक गमतीचे पण बोधप्रद उदाहरण पाहा. साध्या रकान्यात इंग्रजी अंकांत ७/१२ असे लिहिले, की एक्सेल त्याला तारीख समजते आणि ‘७ डिसेंबर’ किंवा ‘१२ जुलै’ करून टाकते. गट क्रमांक १२/३ चीही हीच गत होते. नंतर स्वरूप बदलू पाहिल्यास मूळ क्रमांक परत येत नाही, एक भलताच पाच अंकी आकडा उभा राहतो. म्हणून गट क्रमांक, खाते क्रमांक व दूरध्वनी यांच्या रकान्यांना माहिती भरण्यापूर्वीच ‘मजकूर’ हे स्वरूप द्यावे.

याउलट रक्कम ही संख्या म्हणूनच बसली पाहिजे. ओळखण्याची खूण सोपी आहे. स्वरूप न बदललेल्या रकान्यात संख्या उजव्या कडेला सरकते, मजकूर डाव्या कडेला राहतो. देवनागरी अंक भरताना ही खूण अवश्य पाहावी. मजकूर म्हणून बसलेला आकडा बेरजेच्या सूत्रात धरला जात नाही, आणि तसा इशाराही मिळतोच असे नाही. घरपट्टीच्या मागणीत अशा दोन ओळी सुटल्या, तर ताळेबंद जुळविण्यात दिवस जातो.

याखेरीज एका ओळीत एकच नोंद असावी, चौकोन एकमेकांत मिसळू नयेत आणि ‘श्री.’, ‘सौ.’ ही संबोधने नावापासून वेगळ्या रकान्यात ठेवावीत. तसे न केल्यास अकारविल्हे लावताना गावातील सर्व पुरुष ‘श्री’खाली जमा होतात. तक्ता असा नीट असला, की मेल मर्ज या सोयीने चारशे खातेदारांची मागणी बिले वा दोनशे पालकांची पत्रे एकाच मसुद्यातून तयार होतात. एकदा लिहावे आणि अनेकदा वापरावे, हे या साधनाचे मर्म आहे.

नाव आणि शोध

फाइलीस ‘नवीन पत्र’, ‘अंतिम’, ‘अंतिम २’ अशी नावे देण्याची सवय सोडावी. नावाच्या आरंभी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहावी, पुढे विषय व गाव लिहावे. असे केल्याने फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. विंडोजवर ‘एव्हरीथिंग’ ही छोटी विनामूल्य आज्ञावली नावाची काही अक्षरे टंकताच संपूर्ण संगणकातील जुळणाऱ्या फाइली क्षणात दाखविते.

आपल्या विभागात शोध घेताना एक विशेष दक्षता हवी. औरंगाबादचे नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले. त्यापूर्वीची कागदपत्रे जुन्या नावाने आहेत, नंतरची नव्या. केवळ एका नावाने शोध घेणाऱ्याच्या हाती अर्धेच दप्तर लागेल. यासाठी तक्त्यात जिल्ह्याच्या नावाबरोबर जिल्ह्याचा संकेतांकही ठेवावा. शोधताना दोन्ही नावे वापरावीत आणि जुन्या अभिलेखातील नाव मात्र आहे तसेच राहू द्यावे.

छापील कागदातून अक्षर

छायाप्रत काढून साठविलेला कागद हे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते, त्यातील शब्द शोधता येत नाहीत. चित्रातील अक्षर ओळखणारी ‘टेसरॅक्ट’ ही विनामूल्य आज्ञावली मराठी जाणते. तिचा आधार घेणारे ‘नॅप्स-२’ हे साधन छायाप्रत काढतानाच शोधता येण्याजोगी पीडीएफ बनवून देते. छायाप्रत इंचाला ३०० ठिपके या दर्जाची आणि सरळ असावी. स्वच्छ छपाईवर निकाल चांगला मिळतो. पुसट टंकलेखनावर चुका वाढतात आणि हस्तलिखित मोडीसाठी ही आज्ञावली कामाची नाही. तेथे जाणकाराचे डोळेच हवेत. तसेच जे पत्र संगणकावरच लिहिले आहे, ते छापून पुन्हा त्याची छायाप्रत काढून साठविण्यात अर्थ नाही. लेखन आज्ञावलीतूनच त्याची पीडीएफ करावी व मूळ फाइलही जपावी.

राखीव प्रत

वाळवी आणि ओल हे कागदाचे शत्रू. संगणकाची चकती मात्र पूर्वसूचनेशिवाय बंद पडते. म्हणून महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात व त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. तीन महिन्यांतून एकदा राखीव प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच.

एका महिन्याचा पाठ

हे सारे एकदम करण्याची आवश्यकता नाही. या महिन्यात एकच नोंदवही निवडावी. ग्रामपंचायतीने नमुना ८ ची कर आकारणी नोंदवही घ्यावी, शाळेने प्रवेश निर्गम नोंदवही. पहिल्या आठवड्यात ती युनिकोडमध्ये आहे काय ते तपासावे व नसल्यास रूपांतर करावे. दुसऱ्या आठवड्यात रकाने नीट लावावेत. तिसऱ्या आठवड्यात पाच नोंदी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. चौथ्या आठवड्यात राखीव प्रत करून ती दुसऱ्याच संगणकावर, शक्य तर दुसऱ्याच कर्मचाऱ्याकडून उघडवावी. त्याने विनासायास हवी ती नोंद शोधून काढली, तर पाठ यशस्वी झाला असे समजावे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने अभिलेख सूचिबद्ध करून शक्य तेथे संगणकावर आणण्याचे कर्तव्य सार्वजनिक प्राधिकरणांवर सोपविले आहे. परंतु कायद्याच्याही पलीकडे ही पुढील पिढीशी असलेली बांधिलकी आहे. २०१४ मध्ये मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. जिचे वाचक उरले थोडे, तिच्या अक्षरांनाही आता कायमचे क्रमांक आहेत. मग जी मराठी आपण रोज लिहितो, ती एखाद्या विस्मृत फॉन्टच्या आड कोंडून ठेवण्याचे कारण काय? उद्या कोणी नातू आपल्या आजोबांची नोंद शोधत कार्यालयाच्या दाराशी येईल. त्याला ती ओळ स्वतः वाचता यावी, एवढ्यासाठी आज ती नीट लिहावयाची आहे.