किल्ल्याऐवजी यंदा खाम नदी

निकाल लागला की पालकांचा प्रश्न ठरलेला: "पर्यावरण घेऊन पोट भरेल का?" भरेल, पण नुसत्या पदवीने नाही. नकाशे आणि आकडेमोड येणारी मुलं पुष्कळ आहेत. भांडणाऱ्या दहाजणांना एकत्र बसवून पाण्याची वाटणी ठरवून घेणारी शोधावी लागतात.

हे पुस्तकातून येत नाही. हर्सूलच्या मुलांना त्यासाठी लेगोचे महागडे डबेही नकोत. दिवाळीत अंगणात किल्ला होतोच, यंदा छत्रपती संभाजीनगरातून वाहणाऱ्या खाम नदीचं खोरं करा. प्लास्टिकच्या कागदावर मातीचे जटवाड्याचे डोंगर, खाली हर्सूल तलाव, पुढे विटांच्या तुकड्यांचं शहर आणि शेवटी गोदावरी. एकजण वरचा शेतकरी, एक महापालिका, एक मासेमार, एक नदीकाठचा रहिवासी. मग डोंगरावर झारीने पाणी सोडा. वरच्याने बांध घातला की तलाव रिकामा. पात्रात विटा सरकवल्या की काठचं घर पाण्यात. दुसरी झारी ओतण्याआधी चौघांनी बसून नियम ठरवायचे. खरी शिकवणी त्या वादावादीत आहे, तेव्हा मोठ्यांनी मध्ये तोंड घालू नये. (पालकांना नेमकं हेच जमत नाही.)

याला पोरखेळ म्हणू नका. सहभागी ग्रामनियोजनात गावकरी जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, तेव्हा कोणाची विहीर कुठे आटते ते सगळ्यांसमोर येतं. आंध्रात 'फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी'ने शेतकऱ्यांना भूजलाचा खेळ खेळायला लावला: प्रत्येकाने पीक निवडायचं आणि सगळ्यांचं मिळून पाणी किती खाली जातं ते बघायचं. आपल्याकडे तर २००५च्या कायद्याने सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याची सोय केली. खुद्द खामच्या पुनरुज्जीवनात महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक कंपनी आणि पर्यावरणाचं काम करणारी इकोसत्त्व अशा निरनिराळ्या धाटणीच्या संस्था एकत्र आल्या. अशा ठिकाणी दुवा होणारा माणूस लागतोच.

वाट कोणती? स्थापत्य किंवा कृषी अभियांत्रिकी, भूगर्भशास्त्र, भूगोल यांपैकी एक पाया पक्का करा. माणसांत काम करायची ओढ असेल तर पुढे तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. पैठण रस्त्यावरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) तर घराजवळच. स्वयंसेवी संस्थांत सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे आधीच सांगितलेलं बरं. सरकारी नोकरी हवी असेल तर मृद व जलसंधारण विभागाच्या भरतीवर नजर ठेवा.

आणि खोरं मोडण्याआधी फोटो काढा. कोण कशावर अडलं, नियम कसा बदलला, हे तुमच्या मुलीने वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावं. पुढे मुलाखतीत "टीमवर्क म्हणजे काय?" असं विचारलं, तर सांगायला तिच्याकडे काही असेल.