पायातील रक्ताची गुठळी : सूज उतरली, तरी गोळी का?



आमचे एक नातेवाईक हंगाम संपल्यावर पुण्यास कर्वेनगरात मुलीकडे राहावयास गेले. (हे मूळचे हिंगणे. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी आपला आश्रम तेथे नेला, पुढे त्यांचेच नाव वस्तीला लागले.) दोन वर्षांपूर्वी काही कारण नसता त्यांच्या डाव्या मांडीतील खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. गावी असताना ते रोज गोळी घेत आणि तालुक्याला जाऊन रक्त तपासून येत. पुण्यास आल्यावर म्हणाले, "पाय बरा झालाय, आता कशाला?" दीड महिना गोळी बंद. एके सकाळी जिना चढताना एकदम दम लागला, छातीत कळ आली. नवी गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. ताबडतोब दवाखान्यात नेले म्हणून वाचले.

ऊस तोडला म्हणजे शेत मोकळे झाले असे आपण समजत नाही. बुडखा जमिनीत असला की खोडवा फुटतोच. या दुखण्याचेही तसेच आहे. ऑपरेशन किंवा प्लास्टरमुळे झालेली गुठळी बहुधा तीन महिन्यांच्या औषधाने निभावते. पण विनाकारण झालेली असेल, तर गोळी थांबवल्यावर शंभरातील सुमारे दहा जणांना पहिल्याच वर्षी ती पुन्हा होते, आणि पाच वर्षांत सुमारे पंचवीस जणांना. म्हणून डॉक्टर अशांना पुष्कळदा वर्षानुवर्षे गोळी चालू ठेवायला सांगतात.

या गोळीचा शोध गोठ्यातून लागला, हे आपणा शेतकऱ्यांना ऐकून गंमत वाटेल. अमेरिकेत व कॅनडात बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा वाळला चारा खाऊन जनावरे रक्तस्रावाने मरत. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेले रक्त दुधाच्या कॅनमध्ये घालून, हिमवादळातून विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्याकडे आला. त्यांच्या प्रयोगशाळेत चाऱ्यातील ते द्रव्य वेगळे निघाले. त्याचेच भावंड वॉरफरिन. १९४८ मध्ये ते उंदराचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना देऊ लागले. विष म्हणून बिचकू नका, सारा खेळ मात्रेचा आहे. रक्त गोठवणारे घटक यकृतात के जीवनसत्त्वावर तयार होतात, ते काम ही गोळी मंद करते.

म्हणूनच आय.एन.आर. ही रक्ततपासणी चुकवू नये. तो आकडा बहुधा २ ते ३ च्या दरम्यान हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, वाढला तर रक्तस्रावाची. मेथी-पालकात के जीवनसत्त्व भरपूर असते. भाजी सोडू नका, पण आठवडाभर काही नाही आणि मग एकदम जुडीच्या जुडी, असेही नको. अंगदुखीची गोळी दुकानातून मनानेच घेणे मात्र फार वाईट. आपल्याकडे ही खोड फार आहे. दात काढायच्या आधी डॉक्टरांना सांगावे. काळी शौच, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम दिसत नसली तरी दवाखाना गाठावा.

हल्ली रिव्हारोक्सॅबान, ॲपिक्सॅबान अशा गोळ्या निघाल्या आहेत. त्यांना आय.एन.आर. तपासावा लागत नाही. पण त्यांचा असर दिवसभरातच ओसरतो, तेव्हा चुकलेली एक गोळीही महागात पडते.

आमचे नातेवाईक आता गावी परतलेत. उसाच्या वजनाच्या पावत्या ज्या पाकिटात ठेवतात, त्यातच तपासणीचा कागद असतो.