इनेबलची तार कोणाच्या हातात?

चंद्रपूरजवळ पडोलीपासून ताडाळीपर्यंतच्या वर्कशॉपमध्ये कोळसा खाणींचे, आणि आता गडचिरोलीकडच्या लोहखनिजाच्या कामांचेही, सुटे भाग बनतात. यंत्रे बहुतेक जुनी. लोखंड धडधाकट, कंट्रोल मेलेला. मोटारी आणि ड्राइव्ह तशाच ठेवून नवा कंट्रोल बसवायचा, हा रेट्रोफिटचा मार्ग छोट्या कारखानदाराला परवडतो आणि मला तो योग्यही वाटतो. पण या कामात सगळ्यात कमी लक्ष जाते ते ड्राइव्हच्या इनेबलकडे, म्हणजे मोटारीला ताकद द्यायची परवानगी देणाऱ्या सिग्नलकडे.

दुसऱ्या कोणी रेट्रोफिट केलेल्या अशाच एका व्हीएमसीवर (व्हर्टिकल मशीनिंग सेंटरवर) मला बोलावले होते. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, मेन चालू केला का टेबल आपोआपच सरकते. कंट्रोल सुरू झाला का थांबते." पॅनल उघडले. इनेबलच्या टर्मिनलवरून बोटभर लाल तार थेट २४ व्होल्टवर खोचलेली, टोकाला फेरूलसुद्धा नाही. कंट्रोलचा इनेबल आउटपुट रिकामाच. कारण कळायला वेळ लागला नाही. ड्राइव्हला एका जातीचा सिग्नल हवा होता, कंट्रोल दुसऱ्या जातीचा देत होता. एक एनपीएन, एक पीएनपी. मोटार उठेना म्हणून चाचणीपुरता जंपर मारला आणि तो तसाच राहिला. मध्ये एक रिले टाकला असता तर प्रश्न मिटला असता.

टेबल का सरकत होते, ते हिशेबाने पाहा. १० व्होल्टला ३००० फेरे अशी ड्राइव्हची मांडणी असेल, तर १० मिलिव्होल्ट म्हणजे मिनिटाला ३ फेरे. १० मिलिमीटर पिचचा बॉलस्क्रू थेट जोडलेला असला तर टेबल मिनिटाला ३० मिलिमीटर चालते. कंट्रोल जागा होण्याआधी कमांडच्या तारेवर एवढा व्होल्टेज सहज असतो. सरकणे हे तर सौम्य लक्षण. एन्कोडरची तार तुटली, की कंट्रोलला चूक दिसते, तो अलार्म देतो. पण मोटार सोडायला लावणारी तारच त्याच्या हातात नसेल, तर टेबल टोकाला जाऊन आपटू शकते.

त्याच यंत्रावर हेड वरखाली करणाऱ्या झेड अक्षाचा ब्रेकही थेट २४ व्होल्टच्या सप्लायवर होता. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो, पॅनलचा पंखा कोळशाच्या धुळीने बुजतो, ड्राइव्ह तापून अलार्मला जाते. एकदा असेच झाले: मोटारीने हेड सोडले, ब्रेक मात्र उघडाच. हेड चार बोटे खाली आले. ऑपरेटर त्या वेळी जॉब पुसत नव्हता, एवढेच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ड्राइव्हची कंट्रोल सप्लाय. सगळ्या ड्राइव्हचे रेडीचे कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये घ्या. ते आणि इमर्जन्सीची साखळी ठीक असेल तरच मेन कॉन्टॅक्टर ओढला जावा. मग कंट्रोलने स्वतः इनेबल द्यावी, मोटारीने पकड घ्यावी आणि त्यानंतरच ब्रेक सुटावा. बंद करताना उलटे: आधी ब्रेक, मग इनेबल. ब्रेक घट्ट बसायला दहा-वीस मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात, तेवढा उशीर पॅरामीटरमध्ये किंवा टायमरने द्यायलाच हवा.

इमर्जन्सी स्टॉप फक्त इनेबल तोडून करू नका. आयईसी ६०२०४-१ मध्ये थांबण्याचे प्रकार दिले आहेत: शून्य म्हणजे ताकद तिथल्या तिथे काढणे, एक म्हणजे आधी आवरून मग काढणे. जड टेबलाला 'एक' हा प्रकार बरा, कारण इनेबल गेलेले टेबल वेगात असेल तर घसरतच जाते. ड्राइव्हला सेफ टॉर्क ऑफ असेल तर त्याचे दोन्ही चॅनल सेफ्टी रिलेवरून आणा, कंट्रोलच्या आउटपुटवरून नाही. आणि तोही झेडला धरून ठेवत नाही, हे विसरू नका.

बऱ्याच जुन्या ड्राइव्हमध्ये इनेबल शून्य व्होल्टला जोडली की मिळते. उंदराने तार कुरतडली, ती पॅनलच्या अंगाला लागली आणि शून्य व्होल्ट अर्थ केलेला असेल, तर कोणी आज्ञा न देताच ड्राइव्ह उठते. सोय असेल तिथे २४ व्होल्ट पाठवणारी जोडणी घ्या. मग तीच तार अर्थला लागली तर फ्यूज जातो आणि यंत्र थांबते.

यंत्र ताब्यात देण्याआधी मालकाच्या समोर तारा सोडून पाहा. मेन बंद करून, ड्राइव्हचा चार्जचा दिवा विझल्यावर एक तार काढा, पुन्हा चालू करा: आधी इनेबल, मग रेडी, मग एन्कोडर. प्रत्येक वेळी यंत्राने नकार द्यायला हवा. या चाचण्यांत हेडखाली बल्लारपूरच्या आरा मशीनवरचा सागाचा जाड ठोकळा ठेवा. जिथे यंत्र नकार देत नाही, ती तार वायरिंगच्या नकाशावर शोधून त्याच दिवशी दुरुस्त करा, आणि बदललेला नकाशा पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. नागपूरहून दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला रात्री टॉर्च धरून तोच वाचायचा असतो.