वाळूवरची लढाई आणि संगणकाची पुरवणी

ओहोटी लागली की दिवेआगरच्या किनाऱ्यावर ओली, घट्ट वाळू दूरवर उघडी पडते. आज तिच्यावर एक लढाई खेळू या. साहित्य : दोन काठ्या, थोडे शिंपले आणि दोन मित्र.

दोघांनी एकमेकांपासून पन्नास पावलांवर ६४ घरांचा एकेक पट आखावा. दोन्ही पटांवर शिंपले अगदी त्याच घरांत मांडावेत. मोठा शिंपला घोडा, लहान तो पायदळ. एका हुकमाला घोडा दोन घरे चालेल, पायदळ एक. आता फक्त ओरडून हुकूम द्यायचे : "घोडा पूर्वेला!" दहा हुकमांनंतर पाहा. चूक झाली नसेल, तर दोन्ही पट तंतोतंत सारखे! कोणता शिंपला कोठे आहे, हे एकदाही सांगावे लागले नाही.

हीच युक्ती १९९७ साली 'एज ऑफ एम्पायर्स' या संगणकीय खेळात वापरली गेली. त्यात बुद्धिबळासारखी आळीपाळी नसते. सर्व खेळाडू एकाच वेळी गावे वसवतात आणि लढतात. समजा, सर्वांचे मिळून ४०० सैनिक आहेत आणि प्रत्येकाची जागा, दिशा व ताकद कळवायला २० बाइट लागतात. एका वेळेस ८,००० बाइट झाले. सेकंदाला पाच वेळा कळवायचे, तर ४०,०००. त्या काळच्या टेलिफोन-मोडेममधून मात्र सेकंदाला २८,८०० बिट, म्हणजे ३,६०० बाइटच जात. अकरापट ओझे! म्हणून फक्त हुकूम पाठवले गेले. हुकूम पोचायला वेळ लागतो. तेव्हा तो लगेच न पाळता, ठरलेल्या थोड्या अवधीने सर्व संगणक एकदमच पाळत.

आता पुरवणीकडे वळू. या खेळाचा दुसरा भाग १९९९ साली आला. २०१३ च्या पुरवणीत भारतासाठी 'भारतीय' हा एकच समाज होता. २०२२ सालच्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या पुरवणीने बंगाली, द्रविड आणि गुर्जर आणले आणि जुन्या 'भारतीयां'चे 'हिंदुस्तानी' झाले. चित्रे आणि आवाज सोडले, तर नवा समाज म्हणजे संगणकाच्या दृष्टीने मुख्यतः आकड्यांचा तक्ता : कोणता सैनिक किती वेगवान, किती बळकट, किती खर्चाचा.

पुन्हा वाळूवर या. एका मित्राच्या तक्त्यात 'घोडा तीन घरे' असे लिहा. दुसऱ्याला सांगू नका. पहिल्याच हुकमाला पट वेगळे होतील आणि एकाने मारलेला शिंपला दुसऱ्याकडे जिवंत राहील! म्हणूनच एकत्र खेळणाऱ्या सर्व संगणकांत खेळाची एकच आवृत्ती लागते.

पण तक्ता म्हणजे इतिहास नव्हे. दिवेआगरला मिळालेल्या ताम्रपटावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ आहे, आणि त्यात जुनी मराठी आहे. तेव्हा उत्तर कोकणात शिलाहारांचे राज्य होते. खेळातला काळही मध्ययुगाचाच, पण या पुरवणीत शिलाहारांचा तक्ता नाही. गणित सोडवताना आपण घर्षण सोडून देतो. त्याने उत्तर सोपे होते, घर्षण नाहीसे होत नाही. तसेच हे.

करून पाहा : या खेळात संपत्ती चारच प्रकारची - अन्न, लाकूड, सोने, दगड. तुमच्या गावाची पुरवणी तयार करा. आणखी काय घ्याल? आणि ज्याला आकडाच देता येत नाही, असे काय उरते? त्याची यादी वेगळी लिहा. तीच अधिक लांब होईल.