जुन्या मोटारीत ‘एबीएस’चा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?

आपला माल बाजारात नेण्यासाठी पुष्कळ शेतकरी जुनी पिकअप वापरतात. तीत ‘एबीएस’ असल्यास, सेन्सर बदलूनही पिवळा दिवा काही महिन्यांत पुन्हा लागतो, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मुळे न पाहता पिवळ्या पानांसाठी खत देत राहावे, तसाच हा खर्च होय.

रचना

चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते. त्यावरून सेन्सर चाकाची गती नियंत्रकास कळवितो. जोराचा ब्रेक लावताना चाक अडू लागल्यास नियंत्रक त्यावरील दाब क्षणभर कमी करतो. त्यामुळे ओल्या रस्त्यावरही गाडी वळविता येते. केवळ पिवळा दिवा लागल्यास ही सोय बंद पडते, साधा ब्रेक चालू राहतो. ब्रेकचा लाल दिवाही लागल्यास मात्र गाडी पुढे नेऊ नये.

दोषाचे मूळ

सेन्सर व कडे यांत साधारणतः १ मिलिमीटरच्या आसपासच अंतर असते. चिखल, शेण व रासायनिक खतांचे क्षार यांमुळे सेन्सरच्या बैठकीस गंज चढतो. गंज फुगून सेन्सर वर उचलला जातो व संकेत क्षीण होतो. मंद गतीत तो तुटला, तर चाक अडले असे समजून नियंत्रक विनाकारण दाब कमी करतो.

एका शेतकऱ्याच्या पिकअपचा पुढील सेन्सर वर्षात दोनदा बदलला होता. तरी बाजार आवाराच्या फाटकाशी थांबताना पेडल थरथरे व गाडी हातभर पुढे जाई. पुढे माणूस असता तर अनर्थ झाला असता. बैठकीवरील गंज खरवडून तोच सेन्सर पुन्हा बसविताच तक्रार मिटली.

तपासणीचा क्रम

१. स्कॅनर लावून कोणत्या चाकाचा दोष नोंदला आहे ते पाहावे. चारही टायर योग्य मापाचे असल्याची खात्री करावी.

२. सेन्सरची तार हलवून पाहावी. चाक वळताना ती वाकते, तेथे आतून तुटलेली असू शकते.

३. सेन्सर हळुवार काढून बैठक तारेच्या ब्रशाने स्वच्छ करावी.

४. कड्यास तडा नाही ना, दात शाबूत आहेत ना, हे चाक पूर्ण फिरवून पाहावे. काही गाड्यांत कड्याऐवजी बेअरिंगमध्येच चुंबकीय पट्टी असते; असे बेअरिंग उलटे बसविल्यास संकेत मिळत नाही. बेअरिंग सैल असल्यास तेही बदलावे.

५. सेन्सर जुन्या चुंबकीय प्रकारचा असल्यास त्याचा रोध मीटरने मोजून त्याच आसावरील दुसऱ्या सेन्सरशी ताडून पाहावा. इलेक्ट्रॉनिक सेन्सरला ही चाचणी लागू नाही.

एवढे करूनही दोष राहिला, तरच नवा सेन्सर घ्यावा.

दक्षता

गाडी उचलल्यावर जॅकवर विसंबू न राहता भक्कम आधार द्यावा. खत वाहिल्यावर गाडीचा तळ साध्या पाण्याने धुवावा. दिव्याचा त्रास नको म्हणून त्याची तार तोडू नये. दिवा विझला तरी दोष जात नाही, केवळ त्याची सूचना मिळेनाशी होते.