आधी वर्ग, मग सामना

पिस्तुलाच्या सामन्यासाठी नाव नोंदवायचं पान उघडून बसली आहेस आणि शेवटचं बटण काही दाबवत नाहीये, हो ना? मग आत्ता दाबूच नकोस. सामना सोडून दे असं मी मुळीच म्हणत नाहीये गं. तो तुला खेळायचाच आहे. फक्त त्याच्या आधी एक शनिवार नवशिक्यांच्या वर्गाला दे. तुझा नेम चांगला आहे, रेंजवर कागदावर तुझ्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसतात, हे मला माहीत आहे. पण बघ, या खेळात नेम ही पुढची गोष्ट आहे.

सगळ्यात आधी एक कंटाळवाणी चौकशी करते, रागावू नकोस. तुझं ग्रीन कार्ड आलंय ना? आलं असेल तर प्रश्न नाही. पण अजून एच-वन-बी किंवा एच-फोरवर असशील, तर अमेरिकेचा संघीय कायदा अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला साधारणपणे मनाई करतो. काही अपवाद आहेत, शिकारीच्या परवान्याचा त्यातलाच एक, पण ते वकिलाकडून नीट समजून घ्यायचे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही यात येऊ शकतं, म्हणून 'माझं थोडंच आहे, मैत्रिणीचं आहे' असं म्हणून चालत नाही. टेक्सासात सगळं चालतं असं आपल्या मराठी मंडळात कुणी छातीठोकपणे सांगितलं, तरी कागद आधी. तुझ्या पुढच्या अर्जांचा प्रश्न आहे.

आता खेळाकडे वळू. नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राही सरनोबत येते. कोल्हापूरची ही पोर २०१८च्या आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकली, तेव्हा आपण सगळ्यांनी कसे फोन केले होते एकमेकींना! पण तो प्रकार एका जागी उभं राहून, एक हात लांब करून खेळायचा. तू ज्यात उतरते आहेस तो प्रॅक्टिकल पिस्तुलाचा खेळ आहे. १९७६ साली मिसूरीतल्या कोलंबिया गावी त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष, आणि १९८४पासून अमेरिकेत यूएसपीएसए ही संघटना तो चालवते. यात पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये असतं. टायमर वाजला की ते काढायचं, पळायचं, लाकडी चौकटींच्या आडून, खिडकीतून, कधी दार ढकलून निशाणं मारायची, मध्येच मॅगझिन बदलायचं. पुठ्ठ्याच्या प्रत्येक निशाणावर बहुतेक वेळा दोन गोळ्या, लोखंडी असेल तर ते आडवं पडलं पाहिजे. कुठून सुरुवात करायची, कोणतं निशाण आधी, हे बरंचसं तुझं तूच ठरवायचं. मजा त्यातच आहे, आणि डोकं गांगरतं तेही त्यामुळेच.

खरं सांगू का, टायमरचा 'बीप' वाजला की डोक्यात फारसं काही उरत नाही. जे हाताला माहीत असतं तेवढंच चालतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, दूध उतू जातं, दाराची बेल वाजते, तरी विळीच्या पात्यावर तुझा हात बेसावध पडत नाही ना? ते हाताने कधीतरी सावकाश शिकून घेतलेलं असतं. वर्ग लावायचा तो एवढ्यासाठीच.

चांगल्या वर्गात सुरुवातीचा बराच वेळ गोळीच नसते. कंटाळू नकोस, तोच भाग सोन्यासारखा आहे. पिस्तूल काढायचं कसं, तर आधी दोन्ही हात एकदम हलवायचे: उजवा मुठीवर, डावा पोटावर. डावा पोटावर का? तो नळीच्या पुढे जाऊ नये म्हणून. मग पिस्तूल सरळ वर काढायचं, नळी समोर वळवायची, छातीपाशी दोन्ही हात जुळवायचे आणि पुढे न्यायचे. बोट या सगळ्या वेळात चापाच्या बाहेर, पिस्तुलाच्या अंगाला सरळ टेकवलेलं. नजर, नेम आणि निशाण एका रेषेत आले की मगच ते चापावर जातं. परत ठेवताना तर त्याहून सावकाश. बोट बाहेर आहे ना, सदऱ्याचं टोक होल्स्टरमध्ये अडकत नाहीये ना, हे खाली बघून ठेव. पिस्तूल कमरेला लावताना कुणी घड्याळ लावत नाही.

आणि हो, मराठी बाईला सांगायलाच हवं असं काही: कुर्ता नको, नाडीची पँट नको, ओढणी तर नकोच. नाडीचं टोक चापात अडकून गोळी सुटू शकते. पट्टा घालायला जाड लुपांची जीन्स हवी. गळा बंद असलेला टी-शर्ट घाल आणि मंगळसूत्र घरी ठेव किंवा आत नीट खोच. का ते सांगते. गोळी सुटली की तापलेली पुंगळी उडून बाहेर पडते आणि तिला उघडा गळा बरोबर सापडतो. ती आत घरंगळली की माणूस दचकून वळतो, हातात भरलेलं पिस्तूल असतं आणि मागे सगळी मंडळी उभी असतात. तेव्हा पुंगळी पडलीच, तर नळी समोर, बोट बाहेर, आणि चटका सोसायचा. पुढे झापड असलेली टोपी घातलीस की पुंगळी चष्म्याच्या आत शिरत नाही. तुझा नंबरचा चष्मा असला तरी त्यावर संरक्षक चष्मा हवाच, आणि कानांना संरक्षण तर रेंजवर पाय ठेवल्यापासून.

होल्स्टर विकत घेण्याआधी वर्गात विचार. आपल्या कमरेच्या बाकामुळे पुरुषांचं साधं होल्स्टर लावलं की पिस्तुलाची मूठ बरगड्यांत टोचते आणि काढताना खांदा कानाला लागतो. थोडं खाली आणि अंगापासून जरा दूर धरणारी पट्टी मिळते, तिने फार फरक पडतो. भारीतलं पिस्तूल आत्ताच घेऊ नकोस. चालू स्थितीतलं साधं नऊ मिलिमीटरचं, चाप झाकणारं टणक होल्स्टर, कडक पट्टा, चार-पाच मॅगझिन्स आणि त्यांचे खिसे, एवढ्यात पहिलं वर्ष निघतं.

वर्गात ज्या एका नियमावर सर्वांत जास्त वेळ जावा असं मला वाटतं, तो म्हणजे १८० अंशांचा. तू जिथे उभी आहेस तिथून डावीकडे-उजवीकडे एक सरळ भिंत आहे असं समज, समोरच्या, गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाला समांतर. पिस्तुलाची नळी त्या भिंतीच्या मागे कधीच येता कामा नये. उभी असताना सोपं वाटतं. पण तू उजव्या हाताची. डावीकडे पळायला लागलीस की अंग डावीकडे वळतं, त्यातच मॅगझिन बदलायला पिस्तूल तिरकं करतेस आणि नळी नकळत मागच्या लोकांकडे जायला लागते. म्हणून डावीकडे पळत मॅगझिन बदलायचा सराव वर्गात मागून घे. आधी रिकाम्या पिस्तुलाने, चालत, मग जरा भरभर. शिकवणारे तुझ्या खांद्याशी उभे राहून नळीकडे बघतील. ती नजर पहिल्यांदा सामन्यात पडण्याऐवजी वर्गात पडलेली बरी ना गं?

नळी त्या रेषेमागे गेली, पळताना बोट चापावर राहिलं, भरलेलं पिस्तूल हातून पडलं किंवा नको तेव्हा गोळी सुटली, तर त्या दिवसापुरता सामना तिथेच संपतो. यात कुणाचा अपमान नाही. वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही असं थांबावं लागतं, आणि ते पुढच्या महिन्यात परत येतात. आणखी एक, जे नव्या माणसाला माहीत नसतं: चालता चालता तुझं रिकामं पिस्तूल कमरेवरून खाली पडलं, तर ते उचलू नकोस. हात वर कर, रेंज ऑफिसरला, म्हणजे तिथल्या पंचाला, हाक मार. तो उचलेल, तपासेल, तुला देईल, आणि तू खेळत राहशील. स्वतः उचललंस तर मात्र बाद. सेफ्टी एरियाचंही तसंच. तिथल्या टेबलाशी रिकामं पिस्तूल हाताळायला परवानगी असते, पण गोळीला हातही लावायचा नाही, सरावाच्या खोट्या गोळीलासुद्धा नाही. एरवी अख्ख्या रेंजवर पिस्तूल रिकामं आणि होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत. रेंज ऑफिसर सांगेल तेव्हाच बाहेर.

त्याचे शब्द ठरलेले असतात, ते पाठ कर. 'मेक रेडी' म्हटलं की पिस्तूल भरायचं. 'आर यू रेडी?' ला गप्प राहिलीस तर तो होकार धरतो. तयार नसशील तर स्पष्ट 'नॉट रेडी' म्हण, कुणी रागवत नाही. मग 'स्टँड बाय' आणि चार सेकंदांच्या आत बीप. शेवटी 'अनलोड अँड शो क्लिअर' येतं. इथे बघ, खेळ झाल्याच्या आनंदात घाई होते. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून आतली गोळी बाहेर, मग रिकामा चेंबर त्याला दाखवायचा. क्रम उलटा झाला, तर स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली नवी गोळी आत जाते. पुढचा हुकूम 'हॅमर डाउन' म्हणजे बांधाकडे नळी करून चाप दाबायचा, आणि तिथे धाडकन बार होतो. हे वर्गात इतकं करून घे की झोपेतही क्रम चुकणार नाही.

गुणांची भीती तर काढूनच टाक. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, एवढंच गणित. मधल्या ए भागाला ५, आपल्यासारख्या साध्या नऊ मिलिमीटरवाल्यांना सी भागाला ३, डी ला १, आणि निशाण चुकलं तर १० वजा. समज सामन्यातला १६ गोळ्यांचा एक टप्पा आहे. तू शांतपणे १२ ए आणि ४ सी मारलेस, २० सेकंद लागले: ७२ भागिले २०, म्हणजे ३.६. शेजारची १५ सेकंदांत उरकून आली, पण १० ए, ४ सी आणि दोन हुकल्या: ६२ मधून २० गेले, उरले ४२, भागिले १५, २.८. बघितलंस? पहिल्या वर्षी सावकाश जाणाऱ्या बाईचं यात काहीही बिघडत नाही.

वर्ग निवडताना तीन गोष्टी विचार. एका शिकवणाऱ्यामागे किती जणी? होल्स्टरमधून काढायचा सराव देणार का? शेवटी एखादा खराखुरा छोटा टप्पा खेळवणार का? तिसऱ्याला 'नाही' म्हणाले, तर दुसरा वर्ग बघ. बऱ्याच क्लबांत नव्यांसाठी असा वर्ग त्यांचे रेंज ऑफिसरच घेतात. बायकांमध्येच शिकायला बरं वाटत असेल, तर टेक्सासातच सुरू झालेल्या 'अ गर्ल अँड अ गन' या संस्थेच्या शाखा आहेत. आणि वर्ग व सामना यांच्या मध्ये एखाद्या सामन्याला नुसती मदतीला जा. निशाणांवरची भोकं चिकटपट्टीने बुजवायची, पडलेलं लोखंड उभं करायचं. सगळे खेळाडू हे काम आळीपाळीने करतात, आणि तुला दहा जणांचे दहा मार्ग बघायला मिळतील. पळापळीचं दडपण तरीही गेलं नाही, तर स्टील चॅलेंजपासून सुरुवात कर. त्यात बहुतेक सगळं एका चौकटीत उभं राहून खेळायचं असतं आणि पॉइंट टू टूचं छोटं पिस्तूलही चालतं.

घरी रिकाम्या पिस्तुलाने सराव करणार असशील, तर गोळ्या त्या खोलीत नकोत, दुसऱ्या खोलीत कुलपात. मुलं घरात असताना करूच नकोस. सराव झाला की पिस्तूलही कुलपात, तुझ्या साड्यांच्या घडीखाली नाही.

आणि शिशाचं विसरू नकोस. गोळीबारात शिशाची धूळ हाताला, केसांना, कपड्यांना लागते. डबा उघडण्याआधी साबण आणि गार पाण्याने हात-तोंड धू. घरी आलीस की बूट बाहेर, कपडे वेगळे धुवायला, आंघोळ, आणि मग पोरांना जवळ घे. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर आत्ता थांब आणि डॉक्टरांना विचार. खेळ कुठे पळून जात नाही. इथल्या उन्हात पाण्याच्या दोन बाटल्या आणि मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घेऊन जा. थालीपिठं चार जास्तीची ने, तुझ्या गटातले लोक दुपारपर्यंत तुझे मित्र झालेले असतील.

सामन्याच्या दिवशी पोचल्या पोचल्या सांग, 'माझा पहिलाच आहे.' लाजू नकोस. बहुतेक ठिकाणी तुझं नाव क्रमात मागे ढकलतात, म्हणजे आधीचे कसे खेळले ते बघता येतं, आणि कुणीतरी जाणतं माणूस दिवसभर तुझ्याजवळ राहतं.

आता ऊठ आणि क्लबला फोन करून पुढचा वर्ग कधी आहे ते विचार. तारीख ठरली की मला कळव. माझा कडक पट्टा आणि मॅगझिनचे खिसे तुला येतील, ते घेऊन जा. होल्स्टर मात्र तुझ्याच पिस्तुलाच्या मापाचं हवं, ते बघायला रविवारी सकाळी माझ्याकडे ये, दुकान अकराला उघडतं.